तीन तासांच्या आधीची वर्षं

२०१९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण विभागाने नेहमीप्रमाणे प्रवेशाचे आकडे जाहीर केले. स्टायव्हेसंट हायस्कूलमध्ये नववीसाठी ८९५ मुलांना जागा मिळाली होती. त्यांत आशियाई वंशाची मुलं ५८७, गौरवर्णीय १९४, लॅटिनो ३३ आणि कृष्णवर्णीय मुलं सात. शहराच्या सरकारी शाळांमधल्या दर दहा मुलांपैकी तेव्हा जवळजवळ सात कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होती. त्याच शहरातल्या सर्वांत नावाजलेल्या सरकारी शाळेची ही यादी. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले, वाद झाले. २०२१ मध्ये ७४९ जागांपैकी आठ, २०२३ मध्ये ७६२ पैकी सात, २०२५ मध्ये ७८१ पैकी आठ. मथळे दरवर्षी नव्याने लागतात, आकडा मात्र हलत नाही.

ही शाळा काय आहे हे आधी समजून घ्यायला हवं. स्टायव्हेसंट १९०४ मध्ये मुलांना हातकामाचं शिक्षण देणारी शाळा म्हणून सुरू झाली. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, हडसन नदीच्या काठावर आता तिची दहा मजली इमारत उभी आहे. तिथे फी नाही. देणगी चालत नाही, ओळख चालत नाही, वडील काय करतात हे कोणी विचारत नाही. तिच्या जोडीची ब्रॉन्क्स सायन्स ही शाळा १९३८ ची. १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांनी अब्दुस सलाम यांच्याबरोबर वाटून घेतलं, ते शेल्डन ग्लॅशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग हे या शाळेतले वर्गमित्र. खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन याच शाळेचे. अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय ॲटर्नी जनरल एरिक होल्डर स्टायव्हेसंटचे. तिसरी ब्रुकलिन टेक, सुमारे सहा हजार विद्यार्थ्यांची प्रचंड शाळा. स्थलांतरित आईबापांनी उभं आयुष्य दुकानात, हॉटेलात, शिवणयंत्रावर काढायचं आणि मुलाने या तिघींपैकी एका शाळेच्या दारातून आत जायचं, हे शंभर वर्षांचं न्यूयॉर्कचं स्वप्न आहे. म्हणूनच सात हा आकडा इतका बोचतो.

प्रवेशाची रीत ऐकायला अगदी साधी आहे. आठवीच्या सुरुवातीला, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, एक परीक्षा होते. तिचं नाव एसएचएसएटी. तीन तास, ११४ प्रश्न, निम्मे इंग्रजीचे आणि निम्मे गणिताचे. २०१७ पासून अनेक वर्षं हेच स्वरूप होतं. दरवर्षी पंचवीस हजारांच्या आसपास मुलं बसतात आणि या तिघींसह आठ शाळांत मिळून चार हजारांच्या आसपास जागा असतात. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकार नाही. सगळ्या मुलांची गुणांनुसार एक रांग लावायची, पहिल्या मुलाला त्याची पहिली पसंती द्यायची, मग दुसऱ्याला, आणि जागा संपल्या की त्या शाळेची यादी बंद. शेवटच्या मुलाचे गुण हा त्या वर्षीचा कट-ऑफ. सातवीची गुणपत्रिका, शिक्षकांचं मत, घरची परिस्थिती, वर्गात प्रश्न विचारण्याची सवय यांपैकी काहीही मोजलं जात नाही. आपल्याकडच्या सीईटीला सरावलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. अमेरिकेत मात्र ही रीत विरळाच आहे, कारण तिथली विद्यापीठंसुद्धा केवळ एका परीक्षेवर कोणाला घेत नाहीत.

आणि ही रीत बदलणं शहराच्या हातात नाही. १९७१ मध्ये काही पालक आणि स्थानिक शाळामंडळाचे सदस्य म्हणू लागले की ही परीक्षा कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलांच्या विरोधात झुकलेली आहे. शहराने चौकशीची तयारी दाखवली. ती चौकशी काही ठरवण्याआधीच राज्याच्या विधिमंडळाने घाईने कायदा केला. ब्रॉन्क्सचे दोन लोकप्रतिनिधी, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, हेक्ट आणि कॅलँड्रा, यांच्या नावाने तो ओळखला जातो. या तीन शाळांत प्रवेश केवळ स्पर्धात्मक लेखी परीक्षेनेच होईल, असं त्याने ठरवून टाकलं. जी गोष्ट एखाद्या मुख्याध्यापकाने परिपत्रक काढून बदलावी, ती तेव्हापासून राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत, बहुमत जमवल्याशिवाय बदलत नाही. पुढे आणखी पाच शाळा याच परीक्षेखाली आणल्या गेल्या, पण त्यांची नावं त्या मूळ कायद्यात नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून मन लगेच निकाल देतं की परीक्षाच पक्षपाती आहे. मीही बराच काळ असंच समजत होतो. पण एक जुना आकडा या निकालाच्या आड येतो. १९८० च्या सुमारास ब्रुकलिन टेकमधले निम्मे विद्यार्थी कृष्णवर्णीय होते. स्टायव्हेसंटमध्येही ते शेकडा दहाच्या वर होते. कायदा तोच होता, प्रवेशाची पद्धत तीच होती, आणि परीक्षाही फारशी वेगळी नव्हती. वर्णद्वेष तेव्हा आजच्यापेक्षा कमी होता असं तर कोणी म्हणणार नाही. मग चाळीस वर्षांत काय झालं?

या प्रश्नाचं एकच उत्तर नाही. पण जी उत्तरं आहेत त्यांपैकी बहुतेक परीक्षेच्या खोलीबाहेर, त्याआधीच्या वर्षांत सापडतात.

पहिलं उत्तर मिडल स्कूलमध्ये, म्हणजे सहावी ते आठवीच्या शाळांत आहे. त्या काळी ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट किंवा बुशविकसारख्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या शाळांतही हुशार मुलांसाठी वेगळे, वेगाने पुढे जाणारे वर्ग असत. शिक्षक अशी मुलं हेरून त्यांच्याकडून बीजगणित करून घेत आणि परीक्षेचा फॉर्म स्वतः हातात देत. बुशविकमधली फिलिपा स्कायलर शाळा अशा मुलांसाठी प्रसिद्ध होती. नव्वदच्या दशकात मुलांची अशी वर्गवारी करणं अन्यायाचं आहे, असं मत बळावलं आणि बऱ्याच ठिकाणी हे वर्ग बंद झाले. त्या मतामागची कळकळ खरी होती, कारण वर्गवारीत मागे राहणारी मुलंही बहुधा कृष्णवर्णीयच असत. पण सधन भागांत असे वर्ग कोणत्या ना कोणत्या नावाने टिकले आणि गरीब भागांत ते उठून गेले. पुढे २००८ मध्ये शहराने ‘प्रतिभावान’ मुलांच्या वर्गांसाठी सगळीकडे एकच चाचणी आणि एकच गुणमर्यादा लावली. चाचणी कोणाची, तर चार वर्षांच्या मुलांची! हेतू होता समानतेचा. झालं असं की चार वर्षांच्या लेकराला सराव करून घेणाऱ्या घरांतली मुलं पात्र ठरली, आणि गरीब जिल्ह्यांत पुरेशी मुलं पात्रच होईनात म्हणून तिथले वर्ग भरेनात. २०२१ मध्ये ती चाचणी बंद करावी लागली.

दुसरं उत्तर असं की हुशार कृष्णवर्णीय मुलांना इतर वाटा फुटल्या. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेप फॉर प्रेप’सारख्या संस्था अशी मुलं शोधून, त्यांची तयारी करून, शिष्यवृत्तीवर महागड्या खाजगी शाळांत पाठवू लागल्या. त्या मुलांचं भलंच झालं. पण प्रत्येक वस्तीतली वरची चार-पाच मुलं अशी निघून गेली की, ‘माझा दादा ब्रुकलिन टेकला जातो’ असं सांगणारं मूलही त्या गल्लीत उरत नाही. माहिती बहुधा अशाच तोंडांतून पसरते.

तिसरं उत्तर सर्वांत मोठं. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आशियाचं दार उघडलं आणि पुढच्या दशकांत चीन, कोरिया, भारत, बांगलादेश इथून लाखो कुटुंबं न्यूयॉर्कला आली. ज्या देशांत एका परीक्षेने आयुष्य ठरतं, त्या देशांतून ही माणसं आली होती. त्यांना या परीक्षेची ओळख करून द्यावी लागली नाही. परक्या देशातल्या अनोळखी व्यवस्थेत त्यांना ओळखीची वाटलेली ती एकमेव गोष्ट असावी. त्यांच्यापाठोपाठ क्लासही आले. फ्लशिंग आणि सनसेट पार्कच्या रस्त्यांवर दुकानांच्या वरच्या मजल्यांवर चिनी आणि कोरियन क्लासच्या पाट्या लागल्या. कोरियात अशा क्लासला हागवॉन म्हणतात. जॅक्सन हाइट्समध्ये १९९४ मध्ये एका बांगलादेशी शिक्षकाने ‘खान्स ट्युटोरियल’ सुरू केलं, आणि टॅक्सीचालकांची, किराणा दुकानदारांची मुलं शनिवार-रविवार तिथे जाऊ लागली.

क्लास ही कल्पना मात्र आशियातून आलेली नाही. ती अस्सल ब्रुकलिनची आहे. १९३८ मध्ये स्टॅनली कॅप्लन नावाच्या तरुणाने आईवडिलांच्या घरातच शिकवण्या सुरू केल्या. तो ज्यू होता आणि शहराच्या मोफत सिटी कॉलेजात शिकलेला होता. गुण उत्तम असूनही वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला नाकारलं, आणि आपण ज्यू आहोत, गरिबांच्या कॉलेजातले आहोत हे त्याचं कारण, अशी त्याची खात्री होती. म्हणून परीक्षेवर त्याची श्रद्धा बसली. मुलाखतीत तुमचं आडनाव ऐकू येतं, उत्तरपत्रिकेत ते दिसत नाही. परीक्षा घेणारी मंडळी कित्येक वर्षं ठासून सांगत की आमच्या परीक्षा जन्मजात कुवत मोजतात, शिकवणीने काही फरक पडत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तपास केला तेव्हा फरक पडतो, माफक का होईना पण पडतो, असं आढळलं. आज आशियाई पालक ज्या विश्वासाने परीक्षेच्या बाजूने उभे राहतात, तो कॅप्लनचाच विश्वास आहे. दुबळ्याला वशिला नसतो. त्याच्या हातात असते फक्त मेहनत, आणि मेहनत मोजणारी एक आंधळी पट्टी त्याला हवी असते.

मग तयारीने नक्की काय बदलतं? ‘क्लास लावला की पास’ असं म्हणून हा प्रश्न उडवून लावता येत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

२०१७ पर्यंत या परीक्षेत विस्कटलेल्या परिच्छेदांचा एक प्रकार असे. परिच्छेदाचं पहिलं वाक्य दिलेलं, पुढची पाच वाक्यं उलटसुलट. ती क्रमाने लावायची. पाचपैकी एक जरी चुकीच्या जागी गेलं तरी गुण शून्य. आणि एका परिच्छेदाला वजन दोन प्रश्नांचं. शहरातल्या कोणत्याही शाळेत असा व्यायाम अभ्यासक्रमाचा भाग नव्हता. ज्या मुलाने क्लासमध्ये असे दोनशे परिच्छेद सोडवले आहेत, तो ‘तथापि’ आणि ‘त्यामुळे’सारख्या शब्दांचे धागे धरून दोन मिनिटांत मोकळा होतो. ज्याने परीक्षेच्या दिवशी तो प्रकार पहिल्यांदा पाहिला, तो हुशार असला तरी सूचना वाचण्यातच त्याची पाच मिनिटं जातात.

गुण मोजण्यातही एक खुबी आहे. बरोबर उत्तरांची संख्या सरळ धरली जात नाही. ती एका मापात बदलली जाते आणि त्या मापाच्या वरच्या टोकाला प्रत्येक प्रश्नाची किंमत जास्त असते. २००८ मध्ये अर्थतज्ज्ञ जोशुआ फाइनमन यांनी दाखवून दिलं की त्यामुळे दोन्ही विषयांत चांगल्या असलेल्या मुलापेक्षा, एका विषयात जवळजवळ पैकीच्या पैकी आणि दुसऱ्यात बेताचं करणारं मूल पुढे जाऊ शकतं. हे ज्याला ठाऊक आहे तो कच्चा विषय बाजूला ठेवून पक्का विषय घोटून घेतो. शाळेतले सल्ले याच्या अगदी उलट असतात. आणि गणिताचं म्हणाल तर परीक्षा आठवीच्या आरंभी होते. जे वर्षभरात शिकवायचं ते अजून शिकवून झालेलंच नसतं. ज्याने उन्हाळ्यात ते पुढे जाऊन करून घेतलं, त्याच्यासाठी ती उजळणी असते.

समजा, दोन मुलं आहेत. सातवीच्या राज्य परीक्षेत दोघांचे गुण सारखेच. मुलगा सनसेट पार्कचा. बाप हॉटेलात भांडी घासतो, आई शिवणकाम करते. परीक्षेचं नाव त्याने चौथीत असताना चिनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत पाहिलंय, कारण आईने ती कापून भिंतीवर लावलीय. पाचवीपासून शनिवार क्लासचा. मुलगी बेडफर्ड-स्टायव्हेसंटची; आई रुग्णालयात रात्रपाळी करते. तिच्या शाळेत शेकडो मुलांमागे एक समुपदेशक, आणि तो सप्टेंबरात सांगतो की अशी एक परीक्षा असते, बसायचं असेल तर नाव दे. तिला तयारीला मिळतात सहा आठवडे. या मुलीकडे बुद्धी कमी आहे का? मुलाने लबाडी केली आहे का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असंच आहे, आणि या विषयावरची अर्धी भांडणं हे दोन ‘नाही’ एकत्र न म्हणता आल्यामुळे होतात.

शॉन कोर्कोरन आणि क्रिस्टीन बेकर-स्मिथ या संशोधकांनी शहराचे कित्येक वर्षांचे आकडे तपासले. या शाळांत जाणारी निम्म्याहून जास्त मुलं शहरातल्या केवळ ५ टक्के मिडल स्कूलमधून येत होती. आधीच्या परीक्षांत सारखेच गुण असलेली मुलं घेतली, तरी मुलींना, लॅटिनो मुलांना आणि गरीब मुलांना प्रवेश मिळण्याची शक्यता कमी होती. मुलींची गोष्ट वर्णाच्या वादात हरवून जाते. या परीक्षेला मुलग्यांपेक्षा मुली जास्त बसतात, शाळेत त्यांचे गुणही चांगले असतात, आणि तरी निवड होते ती जास्त मुलग्यांची. एका सकाळच्या तीन तासांवर सगळं टाकलं की काय निसटतं, याचा याहून स्वच्छ पुरावा मला दुसरा दिसत नाही.

प्रवेश मिळवणाऱ्या बहुतेक मुलांना ‘आशियाई’ हा एक शब्द लावला जातो, तोही फसवा आहे. त्या शब्दात चीनमधल्या फुजियानहून कर्ज काढून आलेला स्वयंपाकी आहे आणि मॅनहॅटनमधला कोरियन शल्यविशारदही आहे. स्टायव्हेसंटमधली दहातली चार-पाच मुलं कमी उत्पन्नाच्या घरची असतात, आणि त्यांत मोठा भरणा आशियाई मुलांचाच आहे. ‘पैसेवाले क्लास लावतात आणि जागा पटकावतात’ हे वाक्य म्हणूनच त्या आईबापांच्या काळजाला लागतं. घरभाडं थकवून त्यांनी क्लासची फी भरलेली असते.

याच्या उलट बाजूने एक वाक्य वारंवार ऐकू येतं, आणि तेही तितकंच खोटं आहे: कृष्णवर्णीय घरांत शिक्षणाची आच नाही. ३ फेब्रुवारी १९६४ ला न्यूयॉर्कमधली साडेचार लाखांहून जास्त मुलं शाळेत गेली नाहीत. कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन पालकांनी बायर्ड रस्टिन यांच्या नियोजनाखाली पुकारलेला तो बहिष्कार होता. मागणी एकच: आमच्या मुलांना मोडक्या, वेगळ्या काढलेल्या शाळांत टाकू नका, सगळ्यांबरोबर बसवा. त्या काळच्या मोठ्या नागरी हक्क मोर्चांपेक्षाही ती संख्या मोठी होती. ती मागणी शहराने पुरी केली नाही, आणि न्यूयॉर्कच्या शाळा आजही देशातल्या सर्वांत जास्त वर्णविभागलेल्या शाळांत गणल्या जातात. १९९६ मध्ये ‘एकॉर्न’ या संघटनेने ‘छुपं अपार्थाइड’ अशा नावाचा अहवाल काढून दाखवलं होतं की चांगल्या वर्गांची माहिती विचारायला गेलेल्या कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय पालकांना एकाच शाळेच्या दारात वेगवेगळी वागणूक मिळते. आच होती. दार उघडत नव्हतं.

उपाय झाले नाहीत असं नाही. १९९५ मध्ये शहराने स्वतःच मोफत तयारीवर्ग सुरू केले. पुढे, ते केवळ काही वंशांच्या मुलांसाठी का, म्हणून २००७ मध्ये आशियाई पालकांच्या बाजूने खटला झाला आणि निकष वंशाऐवजी उत्पन्नाचा झाला. १९७१ च्या कायद्यातच ‘डिस्कव्हरी’ नावाची एक खिडकी होती: कट-ऑफच्या थोडं खाली राहिलेल्या गरीब मुलांनी उन्हाळ्यात एक अभ्यासक्रम पुरा केला तर प्रवेश. ही खिडकी मोठी करून २० टक्के जागा तिला द्यायचं ठरलं. पण रांगेत कट-ऑफच्या लगेच खाली कोण उभं असतं? पुन्हा बऱ्याच अंशी गरीब आशियाई मुलंच. त्यांना त्याचा फायदा झाला हे चांगलंच. मूळ आकडा मात्र फारसा हलला नाही.

२०१८ च्या जूनमध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांनी परीक्षाच काढून टाकायची योजना मांडली. प्रत्येक मिडल स्कूलमधल्या वरच्या ७ टक्के मुलांना जागा. त्यांचा स्वतःचा मुलगा ब्रुकलिन टेकमध्ये शिकलेला होता. अंदाज असा होता की कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचा वाटा ४५ टक्क्यांवर जाईल. अर्थातच आशियाई मुलांच्या जागा घटणार होत्या, आणि त्यांच्या पालकांना कोणी आधी विचारलंही नव्हतं. निदर्शनं झाली. धनाढ्य माजी विद्यार्थी रोनाल्ड लॉडर यांनी परीक्षेच्या बाजूने मोहीम उभी केली. २०१९ मध्ये ऑल्बनीत योजना बारगळली. माझ्या मते त्या योजनेचा घात तिच्या मांडणीने केला. कष्टकऱ्यांच्या एका गटाला ‘तुम्ही दुसऱ्यांच्या जागा खाताय’ असं वाटायला लावलं, की शाळा कमी का आहेत आणि मिडल स्कूल इतकी असमान का आहेत, हे प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. पण शाळानिहाय वाटप ही कल्पना मात्र पोकळ नव्हती. कोर्कोरन यांच्या अभ्यासात परीक्षा काढून तिच्या जागी गुणपत्रिका आणि राज्य परीक्षेचे गुण ठेवून पाहिले, तर मुली, लॅटिनो आणि गौरवर्णीय मुलं वाढत होती. कृष्णवर्णीय मुलांचा वाटा फारसा वाढत नव्हता. खरा फरक पडत होता तो प्रत्येक शाळेतून ठरावीक मुलं घेतल्यावरच.

हा प्रयोग दुसऱ्या एका ठिकाणी झाला, आणि तिथे मराठी घरंही आहेत. वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत थॉमस जेफरसन ही १९८५ मध्ये सुरू झालेली विज्ञानशाळा आहे. आसपास संगणक कंपन्यांत काम करणारी भारतीय कुटुंबं दाटीने राहतात. २०२० मध्ये तिथे निवडलेल्या ४८६ मुलांत ७३ टक्के आशियाई वंशाची होती, आणि कृष्णवर्णीय इतकी थोडी की आकडा छापलाच गेला नाही. त्याच वर्षी शाळामंडळाने प्रवेशपरीक्षा आणि १०० डॉलरची अर्जाची फी, दोन्ही रद्द केली. प्रत्येक मिडल स्कूलच्या आठवीतल्या १.५ टक्के मुलांइतक्या जागा त्या शाळेसाठी राखल्या. पुढच्याच तुकडीत आशियाई ५४ टक्क्यांवर आले, कृष्णवर्णीय ७ टक्के झाले, लॅटिनो ११ टक्के. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आकडा मात्र वेगळाच आहे: गरीब घरांतली मुलं एक टक्क्याच्याही खाली होती, ती २५ टक्क्यांवर गेली. पालक न्यायालयात गेले, जिल्हा न्यायालयात जिंकले, २०२३ मध्ये वरच्या न्यायालयात हरले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

आपल्याकडे नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ मध्ये दोन शाळांनी झाली: हरियाणात झज्जर आणि महाराष्ट्रात अमरावती. त्यांच्या प्रवेशातही परीक्षा आहे, पण रांग जिल्ह्यापुरती आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. मेळघाटच्या पायथ्याच्या मुलाला पुण्याच्या क्लासमधल्या मुलाशी झुंजायला लावायचं नाही, हे तिथे सुरुवातीपासून गृहीत धरलेलं आहे. शाळेनुसार राखीव जागांची व्हर्जिनियातली कल्पना याहून फार वेगळी नाही. म्हणून तिथल्या मराठी पालकांना ती कळायला अवघड जाऊ नये, असं मला वाटतं. स्वतःच्या लेकीची जागा पणाला लागली की कळलेलंही पचत नाही, हे मात्र मान्य आहे.

एक प्रश्न राहतो: या शाळांत गेल्याने काय मिळतं? जोशुआ अँग्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कट-ऑफच्या जेमतेम वर आणि जेमतेम खाली राहिलेल्या मुलांची तुलना केली, तर पुढच्या परीक्षांच्या गुणांत फारसा फरक सापडला नाही. या निष्कर्षाने पालकांची झोप थोडी शांत व्हावी. पण ओळखी, शिक्षक, प्रयोगशाळा आणि ‘मी त्या शाळेचा’ असं म्हणण्याचा आत्मविश्वास गुणांत मोजला जात नाही. आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेच्या दारात कोण उभं राहू शकतं, हा प्रश्न गुणांपुरता नाहीच.

शहर आता बऱ्याच मिडल स्कूलमध्ये ही परीक्षा शाळेच्या दिवशी, मुलांच्या स्वतःच्या वर्गातच घेतं. त्याने नाव देण्याचा आणि दूर जाण्याचा अडथळा कमी होतो. परीक्षा संगणकावरही गेली आहे. मला पुढची पायरी हवी आहे: प्रत्येक मिडल स्कूलमध्ये सातवीपासून बीजगणित, आणि पाचवीतल्या प्रत्येक मुलाच्या घरी, त्या घरच्या भाषेत, या परीक्षेची माहिती. हे ऑल्बनीला न विचारता करता येतं. कायद्यात नावं नसलेल्या पाच शाळांत शाळानिहाय जागा ठेवून पाहण्याचं धाडस एखाद्या महापौराने करावं असंही वाटतं. डी ब्लासिओ यांनी ते केलं नाही.

शहराच्या खुल्या माहितीसाठ्यात एक तक्ता आहे. प्रत्येक मिडल स्कूलचं नाव, आठवीतली मुलं किती, परीक्षेला बसली किती, प्रवेश मिळाले किती. मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून लहान आकडे तिथे छापत नाहीत. त्या जागी ‘०-५’ असं लिहितात. मार्चमध्ये सगळे स्टायव्हेसंटच्या यादीतला सात किंवा आठ वाचतात. हा तक्ता वरून खाली वाचत गेलं की शेवटच्या रकान्यात एकामागून एक, पानामागून पान, तेच येत राहतं: ०-५, ०-५, ०-५.